आमच्या मनीच्या पाठीवरची बाजरी

बैल लंगडला, गाय आटली किंवा शेळीने चारा सोडला, तर शिरपूरसारख्या गावात सगळी आळी सल्ला द्यायला जमते. कोणी पाला सुचवतो, कोणी डाग द्यायला सांगतो, आणि शहाणा माणूस जनावर दोरीला धरून सरळ सरकारी दवाखान्याची वाट धरतो. मांजराचे तसे नाही. मांजर खाजवू लागले तर सर्वांचे एकच मत पडते : ‘मांजरच ते! आपले आपण चाटून बरे होईल.’ पुष्कळदा ते होतेही. परंतु होत नाही, तेव्हा त्या खाजेचे मूळ कसे शोधावे, हे फारसे कोणी सांगत नाही. 2024 च्या भाद्रपदात आमच्या घरावर तो शोध घेण्याची पाळी आली. त्यात एका मुक्या जिवाचे घर राहणार की जाणार, हा प्रश्न गुंतलेला होता, म्हणून ही हकीकत जरा तपशिलाने सांगते.

आमचे घर शिरपूरच्या जुन्या वस्तीत आहे. पुढे ओटा, मध्ये चौक, मागे परसदार, आणि परसदारी पत्र्याच्या छपराखाली सरपण, गोवऱ्या आणि कापूस भरायची बारदाने. घरात सासूबाई, आम्ही दोघे, दीर, जाऊबाई आणि त्यांचा सात वर्षांचा मुलगा. यांच्या जोडीला मनी. पांढऱ्या पोटाची, तांबूस पाठीची, तीन वर्षांची मांजरी. धान्याच्या खोलीतले उंदीर तिने संपवले, तेव्हापासून सासूबाईंनीही तिला घरातले माणूस मानले होते.

पोळ्याच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मनी खाजवू लागली. दोन घास खायचे आणि मागचा पाय उचलून मान खाजवायची, निजता निजता दचकून उठायचे आणि शेपटीच्या बुंध्याला कडकडून चावायचे. पाठीवरून हात फिरवला तर केसांच्या मुळाशी बारीक बारीक खडे लागत. केस बाजूला करून पाहिले तर खपल्या! आकाराने अगदी बाजरीच्या दाण्याएवढ्या. शेपटीच्या वर रुपयाएवढी जागा उघडी पडली होती. हनुवटीवर काळे ठिपके होते, ते निराळेच.

एवढ्यावरून घरात खळबळ माजण्याचे कारण नव्हते. परंतु त्याच सुमारास जाऊबाईंच्या आणि त्यांच्या मुलाच्या पायांवर लाल पुळ्या उठल्या. आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी. लग्नानंतर आठ वर्षांनी आमच्या वन्संना दिवस गेले होते, आणि पितृपक्ष संपला की दसऱ्याच्या सुमारास त्या बाळंतपणासाठी माहेरी यायच्या होत्या. सासूबाईंनी मनीकडे पाहिले, नातवाच्या पायांकडे पाहिले आणि आपल्या अहिराणीत एका वाक्यात निकाल दिला, ‘‘तिले तापीपार सोडी ये.’’

तापीपार म्हणजे धुळ्याच्या वाटेवर, सावळद्याच्या पुलापलीकडे. घरात वाढलेले मांजर मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला सोडून द्यायचे, म्हणजे काय करायचे, हे सांगायला नको. पण सासूबाईंनाही दोष देता येईना. आठ वर्षांनी पाळणा हलणार होता. त्यांची भीती खरी होती. मी त्यांना एवढेच म्हटले, ‘‘आई, दसऱ्यापर्यंत मला मुदत द्या. ही खाज कशाची आहे ते कळू दे. माणसाला लागणारी असली, तर मी स्वतः तिची दुसरी सोय करीन.’’ सासूबाईंनी मान हलवली. हातात जेमतेम पाच आठवडे होते.

निम्मे उत्तर घरात

भाजीच्या झाकणाच्या टोपलीत मनीला घालून 10 सप्टेंबरला मी तिला पशुवैद्यांकडे नेले. बाहेर एक म्हैस, दोन शेळ्या आणि एक वासरू आमच्या आधी नंबर लावून उभे होते. टोपलीतून म्याव असा आवाज येताच म्हशीच्या मालकाला हसू आवरेना. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी मांजरीला हात लावण्याआधी मला बसवले आणि एखाद्या वकिलासारखे प्रश्न विचारायला सुरुवात केली. खाज केव्हापासून? दरवर्षी याच दिवसांत येते काय? आधी खाज आली की आधी केस गेले? काय खाते? कशात खाते? दिवसा कुठे निजते? घरात दुसरे जनावर आहे काय? माणसांपैकी कोणाला खाज सुटली आहे?

‘‘रोग मांजराच्या अंगावर असतो,’’ ते म्हणाले, ‘‘पण त्याचे निम्मे उत्तर घरात असते. ते मला इथे बसून कसे दिसणार?’’

मग त्यांनी मला संशयितांची यादी समजावून दिली. मांजराच्या कातडीचे बारीकसारीक विकार दिसायला सारखे दिसतात. खपली, खाज, उडालेले केस, एवढीच त्यांची भाषा. बाजरीसारख्या त्या खपल्यांना वैद्यकात ‘मिलियरी डर्मटायटिस’ म्हणतात. ‘मिलियम’ म्हणजे लॅटिन भाषेत बाजरीच्या जातीचे बारीक धान्य! म्हणजे युरोपातल्या वैद्यांना आणि खानदेशातल्या माझ्यासारख्या बाईला एकच उपमा सुचली होती. परंतु डॉक्टरांनी लगेच बजावले की, हे रोगाचे नाव नव्हे, लक्षणाचे नाव आहे. ताप म्हटल्याने जसा हिवताप की विषमज्वर ते कळत नाही, तसेच हे.

पहिली संशयित पिसू. तिची खाज बहुधा पाठीच्या मागच्या भागात, शेपटीच्या बुंध्याशी, मांड्यांच्या आतून आणि मानेवर असते. दुसरा खरजेचा किडा. तो डोळ्यांना दिसत नाही. तो कानांच्या कडांपासून सुरू होतो आणि डोके व मान जाड खपल्यांनी भरून टाकतो. त्याचा एक भाऊबंद कानाच्या आतच राहतो. मांजर सारखे डोके झटकत असेल आणि कानातून कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ निघत असेल, तर तो तिथे आहे असे समजावे. तिसरी बुरशी, म्हणजेच नायटा किंवा गजकर्ण. हिने गोल गोल केस जातात, कडेला कोंडा दिसतो, पण खाज कित्येकदा नसतेच. ही मात्र माणसाला लागते, लहान मुलांना विशेष. चौथे अन्नाचे वावडे. यात बहुधा तोंड, डोके आणि मान खाजते. याखेरीज आमच्या खानदेशात ऊन हेही एक कारण आहे. पांढऱ्या कानांच्या मांजरांची कानांची टोके वर्षानुवर्षे उन्हाने भाजून लाल होतात, सोलतात, आणि दुर्लक्ष केले तर पुढे तिथे कर्करोगही होतो. मनीचे कान तांबूस, म्हणून ती शंका मागे पडली.

‘‘आणि मनाचे कारण?’’ मी विचारले. शेजारच्या काकूंनी सांगितले होते की, मांजर उदास झाले की स्वतःचे केस उपटते.

डॉक्टर म्हणाले, ‘‘ते सर्वांत शेवटी.’’ मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. 2006 साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या मासिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मनाच्या अस्वास्थ्याने केस चाटून काढतात असा शिक्का बसलेली 21 मांजरे बारकाईने तपासली, तेव्हा 16 मांजरांत शरीराचेच कारण सापडले. निव्वळ मनाचे कारण असलेली मांजरे फक्त 2 निघाली. उरलेल्या 3 मध्ये दोन्ही कारणे होती. ‘‘मुक्या जनावराच्या मनावर ढकलणे सोपे असते. ते उलट बोलत नाही ना!’’

तपासणीचा सोहळा

त्यानंतर मनीची तपासणी झाली. मी तिला जुन्या चादरीत गुंडाळून धरले होते. फक्त पाहायचा तेवढा भाग बाहेर.

आधी उडालेल्या जागेच्या कडेचे चार केस चिमट्याने उपटून डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि मला पाहायला बोलावले. केसांची टोके निमुळती नव्हती, भाल्याचे पाते मोडावे तशी तुटलेली होती. ‘‘केस गळलेला नाही, चाटून चावून तोडलेला आहे. म्हणजे आधी खाज, मग टक्कल.’’ एवढ्याशा केसाने केवढी साक्ष दिली! मग कानाजवळची कातडी हलकेच खरवडून काचेवर घेतली. खरजेचा किडा दिसला नाही. कान आतून स्वच्छ होते.

बुरशीसाठी त्यांनी खोलीत अंधार करून जांभळ्या प्रकाशाचा दिवा मनीवर धरला. या दिव्याची काच अमेरिकन पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी 1903 साली तयार केली, म्हणून त्याला वुडचा दिवा म्हणतात. मांजरांच्या नायट्याची जी नेहमीची बुरशी आहे, तिने ग्रासलेला केस या प्रकाशात हिरव्या सफरचंदासारखा चमकतो. मनीचा एकही केस चमकला नाही. मला हायसे वाटले, पण डॉक्टरांनी ते फार वेळ वाटू दिले नाही. त्या बुरशीचे सगळेच वाण चमकत नाहीत. चमकले तर संशय बळावतो, पण चमकले नाही म्हणजे सुटका झाली असे होत नाही. म्हणून त्यांनी काही केस धुळ्याच्या एका प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहण्यासाठी पाठवले. निकालाला तीन आठवडे लागणार होते. बुरशी सावकाश वाढते, तिला दसऱ्याची घाई नसते.

‘‘पिसू?’’ मी विचारले. ‘‘मी रोज पाहते, एकही दिसली नाही.’’

‘‘न दिसणे हा पुरावा नव्हे,’’ डॉक्टर म्हणाले. मांजराची जीभ म्हणजे एक फणीच असते. तिच्यावर मागे वळलेले काटे असतात. 2018 साली अमेरिकेतल्या जॉर्जियात संशोधकांनी त्या काट्यांची टोके पन्हळीसारखी पोकळ असल्याचे दाखवून दिले. त्या पन्हळीतून लाळ थेट कातडीपर्यंत जाते. मांजर या जिभेने पिसवा टिपते आणि गिळून टाकते. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी 2000 साली काही मांजरांच्या गळ्यात मोठ्या कॉलरी घालून त्यांना तीन आठवडे अंग चाटू दिले नाही. त्यांच्या अंगावर इतर मांजरांपेक्षा दुप्पट पिसवा निघाल्या. म्हणजे जे मांजर खाजेने हैराण होऊन सारखे चाटते, त्याच्याच अंगावर पिसू सापडणे अवघड. आणि ज्याला पिसवेच्या लाळेचे वावडे आहे, त्याला थोडे चावेही पुष्कळ होतात.

ओल्या कागदावरचा साक्षीदार

डॉक्टरांनी मला एक घरगुती परीक्षा सांगितली. ती इतकी सोपी आहे की, मांजर पाळणाऱ्या प्रत्येकाने शिकून ठेवावी. उवांची बारीक दातांची फणी घ्यायची, मांजराला पांढऱ्या कागदावर उभे करायचे, आणि मानेपासून शेपटीपर्यंत, विशेषतः शेपटीच्या बुंध्याशी, सावकाश विंचरायचे. फणीत जे काळे कण येतील ते ओल्या पांढऱ्या कागदावर टाकायचे. साधी धूळ असेल तर ती काळीच राहते. पिसवेची विष्ठा असेल तर कणाभोवती गंजासारखा तांबडा डाग पसरतो, कारण ती विष्ठा म्हणजे पचलेले रक्त असते.

त्या परीक्षेसाठी 13 सप्टेंबरला आम्ही सगळे चौकात बसलो. सासूबाई झोपाळ्यावरून पाहत होत्या. मनीच्या तोंडापुढे सुक्या मासळीचा तुकडा धरायचे काम पुतण्याकडे होते. फणीत सहा-सात काळे कण आले. ओल्या कागदावर टाकले. क्षणभर काही झाले नाही. मग एकेका कणाभोवती तांबूस कडे उमटू लागले. पुतण्या ओरडला, ‘‘काकू, रक्त!’’

संशयित सापडला, पण मला त्याचे घर हवे होते. मनी उंबरठ्याबाहेर फारशी जात नाही. मग पिसवा आल्या कोठून?

इथे पायांवरच्या पुळ्यांनी वाट दाखवली. मी घरातल्या एकेकाला विचारत गेले. जाऊबाईंच्या पुळ्या घोट्यांपासून गुडघ्यांच्या खाली. पुतण्याच्याही तिथेच. सासूबाईंना एकही नाही, आमच्या ह्यांना नाही, दीरांना नाही. मनीची खरूज लागली असती, तर मनी जिच्या पायाशी निजते त्या मला आधी लागायला हवी होती. मलाही काही नव्हते. मग जाऊबाई आणि त्यांचा मुलगा दोघेच काय करतात? जाऊबाई बंबासाठी परसदारातून सरपण आणतात, आणि मुलाचा चेंडू रोज त्याच छपराखाली जातो.

मी ह्यांचे पांढरे पायमोजे गुडघ्यांपर्यंत ओढले आणि परसदारी त्या छपराखाली सावकाश येरझाऱ्या घातल्या. पाच मिनिटांत पांढऱ्या मोज्यांवर चार काळे ठिपके टुणकन येऊन बसले. त्या रात्री एका परातीत साबणाचे पाणी भरून, मध्ये उपड्या डब्यावर छोटा दिवा लावून ती परात मी तिथेच ठेवली. उबेकडे आणि उजेडाकडे पिसू उडी घेते आणि साबणाच्या पाण्यात बुडते. सकाळी परातीत सात पिसवा तरंगत होत्या.

आता सगळी गोष्ट जुळली. आषाढात एक बेवारशी कुत्री त्या बारदानांवर व्याली होती. श्रावणाच्या शेवटी ती पिल्ले घेऊन निघून गेली, आणि ती मऊ, निवांत, अंधारी जागा मनीने आपली दुपारची खोली करून टाकली. कुत्री गेली, पण तिचे भाडेकरू तिथेच राहिले. पिसवेला ‘मांजराची पिसू’ असे शास्त्रीय नाव असले, तरी ती कुत्र्यावर तितक्याच आनंदाने राहते.

पिसवेचे बिऱ्हाड

पिसवेचा संसार मोठा हिशेबी आहे. मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते. ती अंडी मांजराच्या अंगाला चिकटत नाहीत, खाली घरंगळतात. त्यातून निघालेली अळी अंधारात, फटींत, पोत्यांच्या शिवणींत शिरते आणि मोठ्या पिसवांची वाळलेली विष्ठा खाऊन वाढते. मग ती कोश विणते. त्या कोशाला धूळ चिकटते, त्यामुळे तो ओळखूही येत नाही. आत तयार झालेली पिसू बाहेर सावज नसेल तर आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने, गप्प बसून राहते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब किंवा श्वासातली हवा जाणवली की क्षणात बाहेर. मांजरावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे एकूण बिऱ्हाडाचा शेकडा पाच एवढाच भाग. बाकीचे सारे जमिनीवर, अंथरुणात आणि फटींत.

अळीला कोरडी हवा आणि कडक ऊन सोसत नाही. पारा 35 अंशांच्या वर चढला किंवा हवेतला ओलावा निम्म्याच्या खाली आला की ती मरते. म्हणून वैशाखात खानदेशच्या उघड्या अंगणात पिसवांचे काही चालत नाही. पण पावसाळ्यात, छपराखाली, दमट पोत्यांत त्यांचे राज्य असते. गाद्या-गोधड्या उन्हात घालण्याची आमच्या सासूबाईंची जुनी शिस्त काही नुसती रीत नव्हती.

पिसू हा शब्द ऐकताच सासूबाईंच्या मनात मात्र दुसरेच आले. ‘‘पिसवेने प्लेग येतो ना?’’ त्यांना 1994 साल आठवत होते. त्या वर्षी बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठींचा प्लेग निघाला आणि पाठोपाठ सुरतेत हलकल्लोळ झाला. सुरतेत पोटासाठी गेलेली खानदेशातली माणसे घाबरून गावोगाव परतली होती.

ही भीती समजून घेण्यासारखी आहे. 1896 साली मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि पुढे सारा मुंबई इलाखा त्याने हादरला. तो उंदरापासून माणसाकडे कसा येतो, हे कोडे फ्रेंच डॉक्टर पॉल लुई सिमोन यांनी 1898 च्या जूनमध्ये कराचीत सोडवले. त्यांनी काचेच्या भांड्यात प्लेगचा उंदीर ठेवला, त्यावर पिसवा सोडल्या, आणि पिसू दुसऱ्या उंदरावर गेली की रोगही जातो हे दाखवले. मौज अशी की, उंदरावर पिसवा कमी पडल्या म्हणून त्यांनी त्या एका मांजराच्या अंगावरून घेतल्या होत्या! पुढे ठरले ते असे की, आपल्याकडच्या प्लेगची मुख्य वाहक उंदराची पिसू आहे, मांजराची पिसू त्या कामी फार दुबळी. उलट वऱ्हाडात अमरावतीला सिव्हिल सर्जन असलेल्या ब्यूकनन यांनी 1908 साली ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून, प्लेग टाळायचा तर घरोघर मांजरे पाळा, असा सल्ला दिला. मांजरालाही प्लेग होऊ शकतो हे आज ठाऊक आहे, म्हणून तो सल्ला जसाच्या तसा घेता येत नाही. पण आमच्या घरापुरते सासूबाईंना एवढे पटले की, धान्याच्या खोलीतले उंदीर ज्या मांजरीने हटवले, तिला प्लेगच्या भीतीने घालवणे काही शहाणपणाचे नाही.

औषध आणि औषधाचे भय

दुसऱ्या दिवशी, 14 सप्टेंबरला, डॉक्टरांनी मनीचे वजन केले. सव्वातीन किलो. मांजरांसाठीच तयार केलेले फिप्रोनिलचे थेंब त्यांनी तिच्या मानेमागे केस बाजूला करून कातडीवर सोडले. ती जागा अशी की जीभ पोचत नाही. महिन्याने पुन्हा, असे तीनदा.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. आमच्याकडे सल्ल्यांना तोटा नव्हता. एकाने रॉकेल चोळायला सांगितले, एकाने फिनेलच्या पाण्याने आंघोळ, तर एकजण स्वतःच्या कुत्र्याची पिसवांची पावडर घेऊनच आला. डॉक्टरांनी ती डबी वाचून बाजूला ठेवली. कुत्र्यांच्या अशा औषधांत पुष्कळदा परमेथ्रिन असते. कुत्र्याला ते मानवते, मांजराला ते विष आहे. काही विषारी द्रव्ये निकामी करून बाहेर टाकण्याची जी सोय कुत्र्याच्या आणि माणसाच्या यकृतात असते, ती मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. परमेथ्रिनने मांजर थरथर कापू लागते, त्याला झटके येतात आणि ते दगावते. म्हणूनच फिनेल, जंतुनाशक द्रव, सुगंधी तेले यांपैकी काहीही मांजराच्या अंगाला लावू नये. जे अंगावर पडते ते चाटून त्याच्या पोटात जाते. माणसाच्या तापाची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. खाजेने मांजर मरत नाही, परंतु खाजेवरच्या गावठी इलाजाने मात्र मरू शकते.

मासे बंद करण्याचाही सल्ला आला. डॉक्टरांनी तो तूर्त नाकारला. अन्नाचे वावडे ओळखायचे तर पूर्वी न खाल्लेले एकच अन्न निदान आठ आठवडे द्यावे लागते, आणि बरे वाटल्यावर जुने अन्न पुन्हा देऊन खाज परतते का ते पाहावे लागते. ‘‘एका वेळी एकच गोष्ट बदला,’’ ते म्हणाले. ‘‘चार गोष्टी एकदम बदलल्या आणि मांजर बरे झाले, तर कशाने झाले ते कोणालाच कळणार नाही.’’

परसदाराचे काम आम्ही घरीच केले. फाटकी बारदाने जाळली. चांगली होती ती उकळत्या पाण्यात घालून गच्चीवर वाळवली. छपराखालची जमीन रोज झाडायची आणि केर साबणाच्या पाण्यात टाकायचा. मनीची गोधडी दर चार दिवसांनी गरम पाण्यात.

कॅलेंडरवरच्या रेघा

दुधाचा हिशेब मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते. त्याच चौकोनात मी दिवेलागण ते जेवण या वेळात मनी किती वेळा खाजवते, त्याच्या रेघा मारू लागले. 14 सप्टेंबरला 23. 21 ला 15. मला वाटले, जिंकलो. आणि 24 तारखेला पुन्हा 20! त्या दिवशी सरपण हलवून आम्ही छपराखालचा कोपरान्‌कोपरा साफ केला होता. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘तुम्ही हादरे दिलेत, कोशांतली मंडळी बाहेर पडली. आता ती औषध लावलेल्या मांजरावर येतील आणि मरतील. धीर धरा.’’

पुष्कळ लोक नेमके इथे औषध वाया गेले असे समजून सोडून देतात. आम्ही सोडले नाही. 28 ला 9 रेघा. 1 ऑक्टोबरला धुळ्याहून निकाल आला : बुरशी वाढली नाही. तो कागद मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. जाऊबाईंच्या पायांवर तोवर नवी पुळी उठली नव्हती. 5 तारखेला 6 रेघा, आणि 12 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, 2. पाठीवरची बाजरी गळून गेली होती आणि उघड्या जागेवर मऊ लव आली होती.

हनुवटीवरचे काळे ठिपके मात्र तसेच होते. पिसवांशी त्यांचा संबंध नव्हता. ती हनुवटीवरची मुरुमे. प्लास्टिकच्या, ओरखडे पडलेल्या भांड्यात खाणाऱ्या मांजरांत ती अनेकदा दिसतात. मनीची प्लास्टिकची ताटली काढून तिला स्टीलची वाटी दिली, ती रोज घासली, आणि महिन्याभरात हनुवटी निवळली. एका मांजराच्या दोन तक्रारींना एकच कारण असलेच पाहिजे, असे नाही. शिवाय एके दिवशी तिच्या गोधडीवर तांदळाच्या कण्यांसारखे काही दिसले. ते पट्टकृमीचे तुकडे. पिसू गिळल्याने हा जंत मांजराच्या पोटात जातो. डॉक्टरांनी जंताची गोळी दिली आणि तेही मिटले.

वन्सं 14 ऑक्टोबरला आल्या. त्याच दिवशी मनीचे दुसरे थेंब होते. सासूबाईंनी स्वतः फणी मागून घेतली, मनीला मांडीवर घेऊन विंचरले, ओला कागद उजेडात धरून दोनदा पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘ऱ्हाऊ दे तिले.’’

आता दिवाळीची झाडलोट घरोघर चालू असेल. माळ्यावरची, जिन्याखालची, परसदारातली पोती निघतील, तेव्हा ती नुसती झटकून परत रचू नका. कडक ऊन दाखवा, नाहीतर उकळते पाणी. घरात मांजर असेल तर उवांची एक फणी त्याच्यासाठी वेगळी ठेवा आणि महिन्यातून एकदा ओल्या कागदाची परीक्षा करा. खाज केव्हा, कुठे, किती, हे लिहून ठेवा, आणि तो कागद घेऊनच डॉक्टरांकडे जा. मांजराला बोलता येत नाही, तेवढे त्याच्या वतीने आपण सांगावे.